मुळगणारी तीन गावं

व्यंकोजीराव मान्यांना आयुष्यात एकाच माणसाचा मनापासून हेवा वाटला, आणि तोही अशा गोष्टीसाठी की जी मुळात त्यांचीच होती. आपल्या पेटीतली शाल दुसऱ्याच्या खांद्यावर बघायची आणि वर 'काय शोभते' असंही म्हणायचं, अशी त्यांची गत झाली. पण ते पुढं. आधी माणूस सांगितला पाहिजे.

व्यंकोजीराव बेंगळूरचे. नोकरीसाठी येऊन राहिलेले नव्हेत. तीनशे वर्षांमागं शहाजीराजांच्या फौजेबरोबर त्यांचा कोणी पूर्वज इकडे आला आणि परत जायचं राहून गेलं. घर गवीपुरात. रस्त्यावर कानडी, ऑफिसात इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं त्यांचं तीन पिढ्यांचं चाललेलं. सरकारच्या एका खात्यात ते भाषांतरकार होते. खात्याचं नाव सांगून उपयोग नाही. नव्या विधानसौधेत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांपैकी ते एक, शेषाद्रिपुरात भाड्याच्या बंगल्यात पडलेलं. तिथं मराठीचा कागद महिन्याकाठी एखादा यायचा. तो आला की साहेब म्हणायचे, "मानेंना बोलवा." त्या दिवशी व्यंकोजीराव व्हरांड्यातून जरा ताठ चालायचे. अख्ख्या बंगल्यात मराठी जाणणारा माणूस एक, आणि तो आपण, या सुखावर त्यांनी चौदा वर्षं काढली.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर म्हैसूर राज्यात आलं आणि त्यांच्यामागून मराठी कागदांची पोतीच्या पोती आली. व्यंकोजीराव घरी बायकोला म्हणाले, "सकवार, आता बघ. माझे दिवस आले." कागद आले ते खरंच. पण त्या कागदांबरोबर उमाकांत हुक्केरीकरही आला.

उमाकांत बेळगावचा, पुण्यात एम. ए. झालेला, तिशीतला. शर्टाच्या खिशाला नेहमी एक पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. निळं टोक झिजलेलं कोणी पाहिलं नाही. साहेबांनी ठरवलं की मराठीत जाणारा प्रत्येक कागद उमाकांतानं तपासायचा. झालं. त्रेपन्न वर्षांच्या व्यंकोजीरावांची वही तिशीतल्या माणसापुढं जाऊ लागली आणि शाळकरी पोराच्या वहीसारखी रंगून परत येऊ लागली. 'गद्दल' खोडून 'गोंधळ'. 'बेगीन' खोडून 'लवकर'. 'केरे' खोडून 'तलाव'. जे शब्द आजी बोलली, आई बोलली, ते कानडी आहेत हे व्यंकोजीरावांना त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. उमाकांत काही वाईट माणूस नव्हता, आणि हेच त्यांना जास्त झोंबायचं. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

एकदा एका रस्त्याबद्दलचा कागद होता. व्यंकोजीरावांनी लिहिलं, 'पावसाळ्यात हा रस्ता मुळगतो.' उमाकांतानं त्या शब्दाभोवती दोनदा वर्तुळ काढलं आणि वही घेऊन तो स्वतः टेबलाशी आला. तिथं दोन कारकून होते, मल्लाप्पा शिपाई चहाचे पेले गोळा करत होता.

"व्यंकोजीराव, मुळगतो म्हणजे काय हो?"

"मुळगतो म्हणजे पाण्याखाली जातो."

"म्हणजे बुडतो."

"बुडतो वेगळं. बुडलेलं वर येतं एखादवेळी. मुळगलेलं येत न्हाई."

उमाकांत हसला. "अहो, हे कानडी आहे. मुळुगु. तुम्ही त्याला मराठी शेपूट लावलंय." कारकून हसले. मल्लाप्पाला कानडीशिवाय काही येत नव्हतं, पण आपला शब्द ऐकून तोही हसला. त्या दिवसापासून व्यंकोजीराव दहा मिनिटं उशिरा आले की कोणी तरी म्हणायचंच, "मानेसाहेब आज मुळगले वाटतं."

घरी येऊन त्यांनी सकवारबाईंना विचारलं, "आपण मुळगणं म्हणतो की न्हाई?"

"म्हणतो की. डाव डाळीत मुळगली तर आन काय म्हणायचं? तुम्हाला कोण काय बोललं?"

"कोण न्हाई," म्हणून ते पाय धुवायला गेले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. माणसाला गरीब म्हणा, काळा म्हणा, तो विसरेल. त्याच्या आईची बोली चुकीची आहे म्हणून चारचौघांत सांगितलं की ते आत राहतं.

एकोणसाठ सालच्या मार्चमध्ये साहेबांनी दोघांना एकेक करून आत बोलावलं. टेबलावर लाखेची मोहर फोडलेलं पाकीट होतं. सरहद्दीकडच्या एका लहान नदीवर धरण बांधायचं चाललं होतं. अकरा गावं पाण्याखाली जाणार, हे सरकारनं केव्हाच जाहीर केलं होतं. पण इंजिनियरांचा नवा अहवाल सांगत होता की पाणी आणखी पंधरा फूट चढणार आणि तळेकोप, शिरगुंडी, आंबेहोळ ही तीन गावंही जाणार. हे आताच सांगितलं तर लोक काम बंद पाडतील, म्हणून भिंत पुरी होईपर्यंत बोलायचं नाही असं वर ठरलं होतं. नोटिसा मात्र आताच तयार करून मोहरबंद ठेवायच्या. वेळ आली की वाटायच्या, आणि हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत गाव खाली करायचं. गावं मराठी बोलणारी, म्हणून अहवालाचा सारांश आणि नोटीस मराठीत हवी. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं; जे चांगलं ते ठेवू, दुसरं नियमाप्रमाणं जाळू. बाहेर ब्र काढला तर नोकरी जाईल, तुरुंगही होईल, हे साहेबांनी इंग्रजीत एकदा आणि कानडीत एकदा सांगितलं.

व्यंकोजीरावांनी चार दिवस मान वर केली नाही. लाल पेन्सिल मध्ये येणार नव्हती, त्यामुळं कितीतरी दिवसांनी हात मोकळा चालला. 'एकवीस दिवस' या शब्दांपाशी त्यांचा टाक थांबला. घर म्हणजे काय, गोठा म्हणजे काय, देवळातला देव उचलायचा म्हणजे काय, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी पुढं लिहिलं, सरळ, आईला सांगावं तसं: 'ही तीन गावे मुळगणार.'

पाचव्या दिवशी साहेबांनी दोन्ही गठ्ठे पुढं ठेवून आस्थापनेचे सुपरिंटेंडेंट भीमाचार्य यांना विचारलं, "कुठलं ठेवायचं?" साहेबांना मराठी येत नव्हतं, भीमाचार्यांनाही नाही. भीमाचार्य म्हणाले, "एम. ए. झालेल्याचं ठेवा." एवढ्यावर निकाल लागला. व्यंकोजीरावांचं एक पानही कोणी उलटलं नाही.

दुपारी बंगल्यामागच्या अंगणात जाळायचा कार्यक्रम झाला. मल्लाप्पानं पाचोळा पेटवला. नियम असा की भीमाचार्यांनी समक्ष उभं राहून बघायचं आणि रजिस्टरात सही करायची. पण धुरानं त्यांच्या डोळ्यांना पाणी येई. त्यांनी तोंड फिरवलं, उपरण्यानं नाक दाबलं आणि हातानंच 'टाका, टाका' अशी खूण केली. व्यंकोजीरावांनी सरकारी गॅझेटाचे जुने अंक आगीत टाकले. भाषांतर डब्याच्या पिशवीत होतं. भीमाचार्यांनी 'समक्ष जाळले' असं लिहून झोकात सही केली.

आता, हे त्यांनी का केलं? गावांची दया आली म्हणून, हे खोटं नाही. पण निव्वळ दयेपोटी व्यंकोजीरावांसारखा माणूस, पेन्शनला दोन वर्षं राहिलेली असताना, असलं काही करत नाही. आपलं लिहिलेलं कोणी वाचलं नाही आणि उमाकांताचं न वाचता ठेवलं, हा डंख होता. निदान कोणी तरी वाचू दे, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन दिवस ते कागद सकवारबाईंच्या लुगड्यांखाली राहिले. तिसऱ्या दिवशी व्यंकोजीराव बसनं यशवंतपूरला गेले आणि पुण्याच्या गाडीच्या टपालडब्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पाकीट टाकलं. बेळगावच्या एका साप्ताहिकाचा पत्ता वर होता, आणि आत नाव न घालता एक ओळ, की छपाईचे खिळे जुळवून झाल्यावर कागद जाळावेत.

बारा दिवसांनी तो अंक साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. त्यांनी दोन्ही भाषांतरकारांना आत बोलावून अंक पुढं आपटला. पहिल्या पानावर, बोटभर उंचीच्या ठशात मथळा होता: तीन गावे मुळगणार.

खरं सांगायचं तर व्यंकोजीरावांना आधी भीती वाटलीच नाही. आधी तो शब्द दिसला, केवढा मोठा, आणि छाती भरून आली. भीती नंतर आली. शेजारी उमाकांत वाचत होता. मथळ्यावर त्याची नजर थांबली. मग त्यानं मान वळवून व्यंकोजीरावांकडं पाहिलं, अगदी सावकाश, आणि परत खाली पाहिलं. त्याला कळलं होतं. त्या एका शब्दावर बोट ठेवून 'हे माझं नव्हे' एवढं म्हणायचं, की तो सुटला आणि व्यंकोजीराव मेले. बोट न ठेवता त्यानं अंकाची घडी केली आणि टेबलावर परत ठेवली.

चौकशी बसली. चौकशी करणारे अधिकारी मदुरेचे. त्यांना मराठीही येत नव्हतं आणि कानडीही बेताचंच. ठेवलेलं भाषांतर अंकाशी ताडून पाहील असा मराठी जाणणारा बंगल्यात या दोघांशिवाय नव्हता. हिशेब सोपा होता. भाषांतरं दोन, त्यातलं एक रजिस्टराप्रमाणं जळालेलं, म्हणजे फुटलं ते दुसरंच. भीमाचार्यांनी शपथेवर सांगितलं की आपण डोळ्यांनी जळताना पाहिलं. नाही म्हणाले असते तर त्यांचीच नोकरी गेली असती. तरी अधिकाऱ्यांनी व्यंकोजीरावांना एक प्रश्न विचारला.

"तुमचं मराठी छापण्याच्या लायकीचं नाही, असं इथं सगळे सांगतात. खरं आहे का?"

खोलीत पंखा फिरत होता. भीमाचार्य नजरेनं विनवत होते. व्यंकोजीराव म्हणाले, "होय, साहेब." ते उत्तर टाइप झालं आणि खाली त्यांनी सही केली. वाचले ते त्या सहीनं.

उमाकांताला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." त्याला निलंबित केलं.

इथपर्यंत व्यंकोजीरावांना त्याच्याबद्दल वाईटच वाटत होतं. रोज वाटे, आज तो बोलेल. रात्री झोप नसे. पण पंधरा दिवसांत चित्र पालटलं. तिन्ही गावांतली माणसं बायकापोरांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसली. काम थांबलं. सरकारला जाहीर करावं लागलं की उंचीची फेरमोजणी होईल आणि ऐकून घेतल्याशिवाय एकही गाव उठवणार नाही. आणि मग लोकांनी विचारलं, हे बाहेर आणलं कोणी? निलंबनाची बातमी छापून आलीच होती. बेंगळूरच्या मराठी घराघरांत एकच नाव झालं. हुक्केरीकर. नोकरीवर पाणी सोडलं, पण सरकारपुढं वाकला नाही. गवीपुरात देवळाच्या पायऱ्यांवर, चिकपेटेत कापडाच्या दुकानात, जिथं जावं तिथं हेच. दुकानदार विश्वासराव कापड गजानं मोजता मोजता म्हणाले, "तुमच्या ऑफिसातलाच की हो तो. तुम्ही काय करत होता तवा?" व्यंकोजीरावांनी कापड न घेताच पिशवी उचलली.

भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चूप बसून माणूस मोठा होतो, आणि करणारा रोज दहा वाजता सही करून मोडक्या खुर्चीवर बसतो. तो बोलत का नाही? आपल्याला वाचवायला? छे. त्याला गोड लागलंय, म्हणून. असं स्वतःशी बोलत ते फायली चाळायचे.

कळस केला सकवारबाईंनी. एका सकाळी त्या पुरणाच्या पोळ्या करत होत्या. सण नव्हता, वार नव्हता.

"कुणासाठी?"

"त्या हुक्केरीकरासाठी. एकटाच राहतो म्हणे मल्लेश्वरात. तुम्हीच द्या जाऊन. एवढं केलं माणसानं, आन तुम्ही एकदा बघायला गेला न्हाई." त्यांनी डब्याला फडकं बांधलं. "पुण्याला शिकलेला, पर लिहिलं बघा कसं. शेजारच्या चंद्राक्कानं वाचून दाखवलं. तीन गावे मुळगणार. अगदी आमची अव्वा बोलल्यागत. मला रडूच आलं."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. व्यंकोजीरावांनी लिहिलेल्या एका ओळीवर ही बाई कधी रडली नव्हती, आणि आज रडली ती दुसऱ्याचं समजून. जिभेच्या टोकावर आलं होतं, ते माझं आहे. पण सकवारबाईंना सांगितलेलं सकाळचं गुपित दुपारी नळावर असे. त्यांनी डबा घेतला.

उमाकांताची खोली मल्लेश्वरात एका घराच्या माडीवर होती. तारा, पत्रं, वाळलेले हार खिळ्याला. हार बघताच व्यंकोजीरावांचं डोकं तडकलं. डबा त्यांनी जवळजवळ आदळलाच.

"बसा, व्यंकोजीराव," उमाकांत म्हणाला. "मला वाटलं होतं याच्या आधीच याल."

"तुम्हाला सगळं ठाऊक हाये."

"मथळा वाचला तेव्हापासून."

"मग सांगितलं का न्हाई?"

उमाकांतानं डबा उचलून बाजूला ठेवला. "पहिल्या दिवशी तुमच्यासाठी नाही सांगितलं. तुमची पेन्शन, तुमचं वय. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी." तो उठून खिडकीशी गेला. "माझ्या भाषांतरात त्या जागी मी काय लिहिलं होतं, सांगू? 'जलाशयाच्या विस्तारामुळे बाधित होण्याचा संभव.' शुद्ध आहे. एक चूक नाही. ते छापून आलं असतं तर त्या गावांत एकाही माणसाला कळलं नसतं. तुमचा शब्द वाचला आणि मला वाटलं, हा मला का सुचला नाही? मी तो दोनदा वर्तुळ काढून खोडला होता. लोक जेव्हा म्हणाले की हे तुम्हीच लिहिलंत, तेव्हा मला नाही म्हणवेना."

व्यंकोजीरावांना हे अपेक्षित नव्हतं. ज्याचा हेवा करत इतके दिवस जळलो, तो आपलाच हेवा करतोय, हे ऐकून माणसानं निवायला हवं. ते निवले नाहीत, उलट जास्तच पेटले. चोरानं कबूल केलं म्हणून चोरीचा माल परत येत नाही.

"बघा," उमाकांत हळूच म्हणाला, "तुम्ही गप्प राहा. बेळगावचं साप्ताहिक मला संपादकखात्यात घ्यायला तयार आहे. नोकरी गेली तरी माझं अडत नाही. तुमची पेन्शन राहील, माझं नाव राहील. येत्या रविवारी मराठा मंडळींनी सत्कार ठेवलाय. गावची माणसं येणार आहेत. तुम्ही येऊ नका, बरं पडेल."

"सरी, बरं," एवढंच म्हणून व्यंकोजीराव जिना उतरले. सौदा चोख होता. कोणाचं नुकसान नव्हतं. घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलंही होतं, जायचं नाही.

पण सकवारबाईंनी रविवारी सकाळीच हिरवं लुगडं काढलं. "चला की. लोक काय म्हणतील, ऑफिसातला माणूस आन आला न्हाई."

सभागृह भरलं होतं. दहाचा सुमार, उन्हं खिडक्यांतून आत आलेली. मागच्या ओळीत पांढऱ्या शर्टातला, पोलिसी केस कापलेला एक माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता. सरकारनं पाठवलेला, हे सगळ्यांना माहीत होतं. चौकशी संपली नव्हती. व्यासपीठावर उमाकांत. शाल, नारळ, हार. हार एवढा मोठा की हनुवटी त्यात गेलेली. तिसऱ्या ओळीत बसलेल्या व्यंकोजीरावांनी तो हार पाकळी पाकळी बघितला. भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं की हुक्केरीकरांची भाषा म्हणजे मराठीचं वैभव. व्यंकोजीरावांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की सकवारबाईंनी विचारलं, "पोटात दुखतंय काय?" त्यांना हो म्हणावंसं वाटलं.

शेवटी तळेकोपची एक म्हातारी उभी राहिली. गंगव्वा तिचं नाव. तिला वर नेलं. ध्वनिक्षेपकाची तिला सवय नव्हती. ती त्याच्या बाजूला उभी राहूनच बोलली, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"माझं माहेर कानडी मुलखात, सासर तळेकोप. सरकारचे कागद लई आले आमच्याकडं. मास्तर वाचायचा, आम्ही माना डोलवायचो, कळायचं काय न्हाई. ह्यो कागद वाचला आन मास्तर पुढं वाचायचाच थांबला. मुळगणार म्हणल्यावर आन काय इचारायचं? तवाच आम्ही उठलो." मग ती उमाकांताकडं वळली. "लेकरा, आमच्याकडं कानडीत मुळगतैति म्हणतात. मराठीत तुझ्या तोंडानं ऐकायला आले मी. तुझी आई हे असंच म्हणायची काय रे?"

उमाकांत उभा राहिला. ध्वनिक्षेपकाशी आला. खोटं एका वाक्यात संपलं असतं. हो म्हणायचं आणि म्हातारीला नमस्कार करायचा. पण आईचं नाव मध्ये आलं होतं. त्याची नजर तिसऱ्या ओळीकडं गेली.

व्यंकोजीरावांना सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन वर्षं राहिली होती. मागं वही घेऊन तो माणूस बसला होता. उमाकांत आता काही तरी म्हणेल, म्हातारी खाली उतरेल, हार त्याच्याच गळ्यात राहील आणि आपण सोमवारी दहाला सही करायला जाऊ. यातलं सगळं त्यांना सोसलं असतं. पण म्हातारीनं आईबद्दल विचारलं होतं, आणि ते उत्तर दुसऱ्यानं द्यावं, हे त्यांना सोसेना. ते उभे राहिले. गावांसाठी नव्हे, सत्यासाठी नव्हे. निव्वळ जळफळाटानं उभे राहिले, हे त्यांनी पुढं स्वतःच कितीदा सांगितलं.

"माझी आई म्हणायची," ते म्हणाले. "मुळगणार, तो शब्द माझा हाये. कागद मी लिहिला. जाळायला दिला होता, मी जाळला न्हाई. यशवंतपूरला जाऊन टपालात टाकला तो मीच."

"व्यंकोजीराव, बसा," उमाकांत ध्वनिक्षेपकातून म्हणाला. त्यांना वाचवायला म्हणाला की हाराला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कोणी तरी पुढून ओरडलं, "कोण हे? काय पुरावा?" सकवारबाई नवऱ्याकडं वर बघत होत्या. त्यांनी उठून लोकांकडं तोंड केलं. "पुरावा काय मागता? आमच्या घरात यून बघा. डाव बी मुळगती, पोहरा बी मुळगतो," आणि मग एकदम त्यांना सगळं उमगलं असावं, पोळ्यांचं, डब्याचं, सगळंच, कारण पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या.

गंगव्वा व्यासपीठाच्या कडेला आली. "तू कुठला रे?"

"इथलाच. गवीपूरचा."

"तरीच," म्हातारी म्हणाली.

मागच्या ओळीतला माणूस वही घेऊन खुर्च्यांमधून पुढं आला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. लोक उठले, कोण ओरडलं, हा का उभा राहिला, यातलं काहीच त्याच्या पदरात पडलं नव्हतं. त्यानं शेजारच्या दोघांना विचारलं. ते तोंड फिरवून उभे राहिले. शेवटी तो व्यंकोजीरावांनाच कानडीत म्हणाला, "तुम्ही भाषांतरकार ना? आता हे काय बोललात, ते जरा सांगा."

अजूनही वेळ होती. कानडीत वाटेल ते सांगता आलं असतं आणि त्यानं तेच लिहून घेतलं असतं. उमाकांत व्यासपीठावरून बघत होता. हार त्याच्या गळ्यात तसाच होता, आणि व्यंकोजीरावांना अजूनही तो हवा होता. ते सदऱ्याची गुंडी लावून ताठ उभे राहिले. मग त्यांनी आपलंच बोलणं वाक्यावाक्यानं कानडीत सांगितलं, काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. त्या माणसाची पेन्सिल मागून पळत होती. 'मुळगणार'पाशी ते थांबले. हा शब्द तो समजावून मागेल असं त्यांना वाटलं. त्यानं मान वर केली नाही. तो शब्द ऐकला तसाच त्यानं लिहून घेतला आणि म्हणाला, "हं, पुढं?"